लहान मुलासाठी घरगुती पाळणाघर की संगोपन केंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न साधारणपणे १ ते ३ वर्षे वयाच्या मुलांच्या आईवडिलांना पडतात. दुपारी झोपेतून रडत उठलेल्या तुमच्या मुलाला नेमके कोण उचलून घेणार आहे, आणि ती व्यक्ती सहा महिन्यांनीही तेथे असणार आहे का, हे आधी पाहावे आणि जागेचा प्रकार त्यानंतर ठरवावा, असे माझे मत आहे. खालील बहुतेक उत्तरे फिरून त्याच मुद्द्यावर येतात.

घरगुती पाळणाघर आणि संगोपन केंद्र यांत नेमका फरक कोणता?

घरगुती पाळणाघरात एखादी व्यक्ती, बहुधा स्त्री, स्वतःच्या राहत्या घरात मोजकी मुले सांभाळते. मुलांना भरवणारी, झोपवणारी, हिशेब ठेवणारी आणि दारावरची बेल वाजली की उठणारी व्यक्ती तेथे एकच असते. संगोपन केंद्रात जागा केवळ मुलांसाठी राखलेली असते, वयानुसार गट पाडलेले असतात, कर्मचारी पाळीने येतात आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारे कोणीतरी असते.

बोलण्यात मात्र ‘पाळणाघर’ आणि ‘डे केअर’ हे दोन्ही शब्द दोन्ही प्रकारांना सर्रास वापरले जातात, त्यामुळे पाटीवर काय लिहिले आहे यावर विसंबून राहू नये. एखाद्या राहत्या घरात १५ मुले आणि तीन मदतनीस असतील, तर त्याला घरगुती म्हणण्यात अर्थ नाही. ते केंद्रच आहे, फक्त केंद्रात असायला हवी ती देखरेख आणि मोकळी जागा तेथे नसण्याची शक्यता आहे.

दीड वर्षाच्या मुलासाठी या दोन्हींपैकी कोणते चांगले?

या वयाच्या मुलाला शिकवणाऱ्यापेक्षा ओळखणाऱ्या माणसाची गरज अधिक असते. कोणत्या रडण्याचा अर्थ भूक, कोणत्याचा झोप आणि कोणत्याचा निव्वळ हट्ट, हे कळायला मुलाबरोबर अनेक दिवस घालवावे लागतात. अशी ओळख घरगुती पाळणाघरात सहज होते, कारण तेथे माणूस बदलत नाही. केंद्रात ती मुद्दाम घडवून आणावी लागते. काही केंद्रांमध्ये प्रत्येक मुलासाठी एक ठरावीक ताई नेमलेली असते. सकाळी मुलाला तीच घेते, भरवतेही तीच आणि शक्यतो झोपवतेही तीच. अशी पद्धत खरोखर पाळणारे केंद्र असेल, तर घरगुती व्यवस्थेचा सर्वांत मोठा फायदा तेथेही मिळतो. ज्या केंद्रात दर दोन महिन्यांनी नवा चेहरा दिसतो, तेथील भिंती कितीही रंगीत असल्या तरी दीड वर्षाच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही.

संशोधनाचा कौलही असाच, एका बाजूला पूर्णपणे न झुकणारा आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या आणि १० ठिकाणच्या १,३०० हून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या अभ्यासात असे दिसले, की मुलाशी प्रेमाने आणि भरपूर बोलणारी, त्याच्या हाकेला प्रतिसाद देणारी माणसे जेथे होती, तेथील मुलांची भाषा आणि आकलन काहीसे सरस होते. केंद्रात जाणाऱ्या मुलांची भाषाही थोडी पुढे होती; पण फार तास, विशेषतः केंद्रात, काढणाऱ्या मुलांच्या वागण्यात आक्रमकपणा किंचित अधिक नोंदला गेला. हे सर्व फरक लहान होते आणि घरातील वातावरण व आईवडिलांचे मुलाशी वागणे यांचा प्रभाव त्यांच्यापेक्षा ठळक होता. त्यामुळे या निवडीवर मुलाचे सारे भवितव्य अवलंबून आहे, अशा दडपणाखाली निर्णय घेण्याचे कारण नाही.

तरीही कौल विचारलाच, तर २ वर्षांच्या आतील मुलासाठी माझे पारडे चांगल्या घरगुती पाळणाघराकडे झुकते आणि ३ वर्षांच्या जवळ आलेल्या मुलासाठी चांगल्या केंद्राकडे. दोन्ही ठिकाणी ‘चांगल्या’ हा शब्द गाळू नये. जवळ असलेले घरगुती पाळणाघर सुमार आणि केंद्र उत्तम असेल, तर वय कितीही असो, केंद्रच निवडावे.

सांभाळणाऱ्या व्यक्तीचा लळा लागल्यास मूल आईवडिलांपासून दुरावेल का?

नाही. ग्लासगोमध्ये ६० बालकांवर झालेल्या आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलांना एकापेक्षा अधिक माणसांचा लळा लागलेला दिसला होता. मूल संध्याकाळी पाळणाघर चालवणाऱ्या काकूंच्या कडेवरून उतरायला तयार नसेल, तर आईच्या मनाला थोडे लागणे स्वाभाविक आहे. तरी दिवसभर ते सुखात होते याची त्याहून चांगली खूण मिळणार नाही.

एका व्यक्तीने जास्तीत जास्त किती मुले सांभाळावीत?

नियम देशोदेशी आणि काही ठिकाणी प्रांतागणिक वेगळे आहेत. अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सहभाग असलेल्या मार्गदर्शक मानकांनुसार केंद्रांमध्ये १३ ते ३५ महिने वयाच्या ४ मुलांमागे १ व्यक्ती असावी आणि गट ८ मुलांहून मोठा नसावा. इंग्लंडमध्ये २ वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण ४ मुलांमागे १ असे होते. २०२३ मध्ये ते ५ मुलांमागे १ असे शिथिल करण्यात आले. दोन्हींकडे आकडा चार-पाचच्या आसपासच राहतो. दोन हात असलेल्या माणसाला याहून अधिक दुडदुडणारी मुले सांभाळता येत नाहीत, हे कोणत्याही नियमाविना समजण्यासारखे आहे.

घरगुती पाळणाघरात केवळ मुलांची संख्या विचारून भागत नाही, त्यांची वयेही विचारावी लागतात. पाच वर्षांची सहा मुले आणि दीड वर्षाची सहा मुले यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन वर्षांखालील दोन मुले आधीच असतील, तर त्या एकट्या व्यक्तीने तिसरे मूल घेऊ नये, इतकी सावधगिरी वरील मानकांत सांगितली आहे. काकूंची स्वतःची मुले, शाळा सुटल्यावर येणारी मोठी मुले आणि ‘फक्त दोन तासांसाठी’ ठेवलेले शेजारचे बाळ यांचीही मोजणीत भर घालावी. ही मुले सांगताना बहुधा राहून जातात.

केंद्रात दुसरीच गोष्ट तपासावी लागते. कागदावरचे प्रमाण सकाळी ११ वाजता बरोबर असते, परंतु सकाळी दार उघडताना, कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी शेवटच्या तासात ते टिकते का, हे पाहावे. गट एकत्र करून एकाच ताईच्या ताब्यात देण्याची वेळ बहुधा हीच असते, आणि मुले सर्वांत कंटाळलेली असण्याची वेळही हीच.

वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र असणे चांगले की समवयस्क?

दोन वर्षांच्या आसपासची मुले एकमेकांच्या शेजारी बसून आपापले खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने १९३२ मध्येच या शेजारी-खेळाची नोंद केली होती. म्हणून ‘समवयस्क मित्र मिळावेत’ हे या वयात केंद्र निवडण्याचे मुख्य कारण होऊ शकत नाही. मिश्र वयाच्या गटात लहान मूल चार वर्षांच्या ताईकडे पाहून चमचा धरायला आणि बूट काढायला शिकते, आणि भावंड नसलेल्या मुलाला हे विशेष लाभते. तोटा असा, की मोठ्या मुलांच्या खेळण्यांत लहान मण्यांसारखे आणि बटण-बॅटरीसारखे धोके असतात, आणि मोठ्यांच्या गडबडीत नुकते चालायला लागलेले मूल धक्के खाते. मोठ्या मुलांची खेळणी कोठे ठेवता, एवढा एकच प्रश्न विचारला तरी सांभाळणाऱ्या व्यक्तीचा अनुभव कळतो.

केंद्रात मूल सारखे आजारी पडते, हे खरे आहे का?

पहिल्या वर्षी, बऱ्याच अंशी खरे आहे. लहान मुलाला वर्षातून ६ ते ८ वेळा सर्दी होणे तसेही सर्वसामान्य मानले जाते आणि गट जितका मोठा, तितके संसर्गाचे प्रसंग अधिक. कॅनडातील क्यूबेक प्रांतात मुलांचा ८ वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात अडीच वर्षांच्या आत मोठ्या गटात गेलेल्या मुलांना त्या काळात श्वसनाचे आणि कानाचे संसर्ग अधिक झाले, पण शाळेच्या वयात मात्र इतरांपेक्षा कमी झाले. म्हणजे आजारपण बऱ्याच प्रमाणात आधी भोगून होते. मूल मुदतीपूर्वी जन्मलेले असेल, त्याला दमा किंवा हृदयाचा आजार असेल, तर हा हिशेब वेगळा होतो आणि लहान गटाचे महत्त्व वाढते. तेथे आपल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला अंतिम मानावा.

आजारी मुलाबाबतचा नियम दोन्ही ठिकाणी लेखी मागावा. ब्रिटनमध्ये उलट्या किंवा जुलाब थांबल्यानंतर ४८ तास मुलाला गटात आणू नये असा दंडक आहे आणि तो कोठेही पाळण्यासारखा आहे. सकाळी तापाचे औषध पाजून सोडलेले मूल ११ वाजता पुन्हा तापते, हे प्रत्येक ताईला ठाऊक असते. अशा वेळी काय करता, या प्रश्नाला ‘आम्ही ताबडतोब फोन करतो आणि मुलाला वेगळे बसवतो’ असे उत्तर देणारे ठिकाण इतर दिवशीही तुमच्या मुलाला सुरक्षित ठेवते, भले त्या दिवशी तुमची रजा गेली तरी.

लंगोट किंवा डायपर बदलण्याची जागा आणि खाणे तयार करण्याची जागा यांत अंतर आहे का, हेही पाहून घ्यावे. घरात बेसिन एकच असते, त्यामुळे घरगुती पाळणाघरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. बदलल्यानंतर ताई स्वतःचे हात धुते, की मुलाचेही धुते?

जागा पाहायला केव्हा जावे आणि काय पाहावे?

ठरवून दिलेल्या वेळी एकदा जावे आणि शक्य झाल्यास निराळ्या वेळी पुन्हा जावे. पहिल्या भेटीत जागा दाखवली जाते. दुसऱ्या भेटीत ती दिसते. सर्वांत उपयोगी वेळ म्हणजे मुले दुपारच्या झोपेतून उठतात तो अर्धा तास. एक मूल रडत उठते, दुसरे अंगावरचे पांघरूण ओढत अर्धवट जागे असते, तिसऱ्याचा डायपर गळालेला असतो आणि चौथे सरळ दाराकडे निघालेले असते. या गोंधळात ताई कोणाकडे आधी जाते, जाताना बाकीच्यांना काही सांगते का, रडणाऱ्याच्या उंचीला वाकते की उभ्यानेच ‘झालं, झालं’ म्हणते, हे पाहिले की माहितीपत्रक वाचण्याची गरज उरत नाही.

माझ्या मुलीसाठी जागा शोधत असताना एका केंद्रात आम्ही असेच बसलो होतो. भिंतीवर वेळापत्रक होते, कोपऱ्यात पुस्तके होती, फरशी स्वच्छ होती. एक मुलगा रडायला लागला तेव्हा ताई त्याच्याजवळ गेली, त्याच्या शर्टावरची चिठ्ठी उलटी करून नाव वाचले आणि मग त्या नावाने त्याला हाक मारली. तो मुलगा तेथे तीन महिन्यांपासून येत होता. ताई त्या आठवड्यात नवीन आली होती, त्यामुळे चूक तिची नव्हती. परंतु आधीची ताई कधी गेली आणि का गेली, हे सांगायला कोणी तयार नव्हते. आम्ही तेथे नाव घातले नाही.

घरगुती पाळणाघरात गेल्यावर खाली बसावे, म्हणजे अक्षरशः जमिनीवर. मुलाच्या उंचीवरून पाहिले की टेबलावरून लोंबणारी वायर, पडद्याची दोरी, सोफ्याखाली गेलेले नाणे आणि आजोबांच्या पलंगाशेजारची औषधाची गोळी दिसू लागते. न्हाणीघरातील भरलेल्या बादलीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण नुकते चालू लागलेले मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते. स्वयंपाकघराला अडसर आहे का, बाल्कनीचे दार बंद राहते का आणि गरम चहाचा कप कोठे ठेवला जातो, हेही त्याच बैठकीत दिसून येते.

काकूंच्या घरात कोण कोण असते, हे विचारणे उद्धटपणाचे वाटेल का?

विचारायलाच हवे. तुमचे मूल त्या घरात दिवसाचे आठ-नऊ तास राहणार आहे, म्हणून घरात राहणारी प्रौढ माणसे, नियमित येणारे पाहुणे आणि पाळीव प्राणी यांची माहिती घेणे हा तुमचा हक्क आहे. मूल कोणाच्याही सोबत एकटे सोडले जाते का, काकू दुकानात गेल्या तर मुले कोणाजवळ असतात, हे प्रश्न सरळ आणि शांतपणे मांडावेत. अनुभवी काकूंना त्यांचा राग येत नाही. बहुधा तुम्ही विचारण्याआधी त्याच सांगतात. राग आलाच, तर तेही एक उत्तर समजावे.

काकू आजारी पडल्या तर काय?

घरगुती व्यवस्थेची ही खरी दुखरी बाजू आहे. केंद्रात एक ताई न आल्यास दुसरी येते. घरगुती पाळणाघरात काकूंना ताप आला की पाळणाघर बंद असते आणि ते तुम्हाला सकाळी साडेसातला कळते. काही काकूंनी ओळखीतील दुसऱ्या पाळणाघराशी परस्पर मदतीची व्यवस्था केलेली असते. तशी असेल, तर त्या दुसऱ्या घरीही मुलाला आधी दोन-तीनदा नेऊन आणावे, कारण अडचणीच्या दिवशीच ते घर पहिल्यांदा पाहण्याची वेळ मुलावर येऊ नये. आईवडिलांपैकी दोघांच्याही नोकऱ्या अचानक रजा न देणाऱ्या असतील आणि जवळ कोणी नातेवाईक नसेल, तर केवळ या एका कारणासाठी केंद्र निवडणे पूर्णपणे योग्य आहे आणि त्याबद्दल मनात अपराधी भाव ठेवू नये.

परवाना असणे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, पण जेथे कायद्याने परवाना किंवा नोंदणी लागते तेथे ती असलीच पाहिजे. परवान्याने जागा, संख्या आणि अग्निसुरक्षा यांची किमान पातळी कळते. माया मोजण्याची तरतूद त्यात नसते. लहान घरगुती पाळणाघरांना अनेक ठिकाणी नोंदणीतून सूट असते, आणि अशा वेळी तपासणीचे काम तुमच्यावरच येते. प्रथमोपचाराचे, विशेषतः घशात घास अडकल्यास काय करायचे याचे आणि छाती दाबून श्वास सुरू करण्याचे प्रशिक्षण कोणी व कधी घेतले आहे, हे विचारावे.

कॅमेरे असलेले ठिकाण अधिक सुरक्षित असते का?

कॅमेऱ्याने झालेली गोष्ट नंतर कळते, होणारी थांबत नाही. शिवाय दिवसभर फोनवर मुलाकडे पाहत बसल्याने काम होत नाही आणि मनही स्वस्थ राहत नाही. आईवडिलांना दिवसभरात केव्हाही न कळवता येण्याची मुभा असणे मला कॅमेऱ्यापेक्षा मोलाचे वाटते.

झोपेचे वेळापत्रक मुलाने जुळवून घ्यावे की सांभाळणाऱ्यांनी?

१ ते २ वर्षे वयाच्या मुलाला दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास झोप लागते आणि साधारणपणे दीड वर्षाच्या सुमारास दिवसाच्या दोन झोपांची एक होते. ही दोनाची एक होण्याची पाळी अवघड असते. घरगुती पाळणाघरात काकू एका मुलाला सकाळी साडेदहाला झोपवू शकतात. केंद्रात झोपेची वेळ गटाची असते, त्यामुळे अजून दोन झोपा लागणारे मूल जेवताना ताटातच पेंगते. केंद्र पसंत असेल आणि मूल या टप्प्यावर असेल, तर सकाळी पेंगणाऱ्या मुलाला निजण्यासाठी कोपरा आहे का, हे विचारून घ्यावे. नसेल, तर सुरुवात दोन महिने पुढे ढकलणेही शहाणपणाचे ठरू शकते.

खाण्याबाबत काय पाहावे?

मूल बसलेले असताना भरवतात की मागे धावत, यावर नजर ठेवावी. तोंडात घास घेऊन धावणे हे घास अडकण्याचे मोठे कारण आहे. अख्खे द्राक्ष, शेंगदाणे आणि कडक गोळ्या या वयाला देऊ नयेत, द्राक्ष द्यायचेच तर उभे चिरून चार फोडी कराव्यात. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर ती तोंडी सांगून थांबू नये, लिहून द्यावी आणि तो कागद स्वयंपाकघरात लावलेला आपल्या डोळ्यांनी पाहावा.

घरगुती पाळणाघरात टीव्ही लावून ठेवतात, अशी शंका आहे. काय करावे?

शंका अनाठायी नाही. एकट्या माणसाला स्वयंपाक करताना टीव्हीचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार १ वर्षाच्या मुलाने पडद्यासमोर बसूच नये आणि २ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला १ तास ही कमाल मर्यादा आहे. ‘टीव्ही लावता का?’ असे विचारल्यास ‘नाही’ असेच उत्तर येते. त्याऐवजी ‘तुम्ही स्वयंपाक करता तेव्हा मुले काय करतात?’ असे विचारावे. एका काकूंनी मला सांगितले होते, की मुलांना त्या जुनी पातेली आणि लाकडी चमचे देतात. आवाज फार होतो, पण आवाज चालू आहे म्हणजे सगळे ठीक आहे हेही कळते.

मूल अजून बोलत नाही. त्याला केंद्रात घालावे का, म्हणजे बोलू लागेल?

मुले भाषा शिकतात ती त्यांच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणाऱ्या माणसांकडून. तिचा स्रोत बोलणारे प्रौढ असतात, आणि ते जेथे अधिक व जेथे मुलांच्या बडबडीला उत्तर देतात, ती जागा चांगली. डायपर बदलताना ताई ‘आता पाय वर, हा दुसरा पाय’ असे काही बोलते की मुकाट्याने काम उरकते, यावरून पुष्कळ समजते. दोन वर्षे पूर्ण झाल्यावरही मूल दोन शब्द जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर पाळणाघर बदलण्याआधी त्याची श्रवणतपासणी करून घ्यावी आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

घरी एक भाषा आणि पाळणाघरात दुसरी असल्याने मूल गोंधळते, ही भीती मात्र सोडून द्यावी.

मूल रमायला किती दिवस लागतात?

काही मुले आठवड्यात रमतात, काहींना महिना-दीड महिना लागतो. परक्याचे भय आणि ताटातुटीची धास्ती साधारण ८ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत जोरात असते, म्हणून १३ महिन्यांचे मूल जितके भोकाड पसरते तितके अडीच वर्षांचे पसरेलच असे नाही.

जर्मनीमध्ये रुळलेली बर्लिन पद्धत मला अनुकरणीय वाटते. तीत पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत साधारण तासभर थांबतात आणि मुलाला सोडून जाण्याचा प्रयत्नच केला जात नाही. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन खोलीबाहेर थोडा वेळ थांबतात आणि मूल ताईकडून शांत होते का हे पाहिले जाते. शांत झाले तर वेळ हळूहळू वाढवतात. न झाल्यास आणखी काही दिवस थांबतात. यात दोन ते तीन आठवडे जातात, म्हणून कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी सुरुवात करू नये. मुलाला आठवडाभर आत येऊन बसू देणार का, असे विचारल्यावर ‘आईवडील थांबले की मूल जास्त रडते, तुम्ही दारातूनच जा’ असे सांगणारी जागा मी पुढे विचारातच घेतली नसती.

मुलाचे लक्ष दुसरीकडे असताना हळूच सटकू नये. रडणे त्या दिवशी टळते, पण आई केव्हाही नाहीशी होऊ शकते हे मूल शिकते आणि घरातही पदर सोडत नाही. निरोप लहान असावा आणि रोज तसाच असावा: एक पापा, एकच वाक्य, आणि मग वळून जावे. दारातून परत येऊन पुन्हा एकदा जवळ घेणे मोठ्यांच्या समाधानासाठी असते.

दुसऱ्या मुलाने माझ्या मुलाला चावा घेतला. ठिकाण बदलावे का?

एका चाव्यावरून नाही. १ ते ३ वर्षांच्या मुलांमध्ये चावणे अगदी सर्रास आढळते, कारण राग पुरेपूर असतो आणि शब्द अपुरे. चावा घेतला गेल्याचे तुम्हाला ताईने आपणहून सांगितले, की तो अंघोळ घालताना तुमच्याच लक्षात आला, हे महत्त्वाचे आहे. तो तुमच्याच लक्षात आला असेल आणि पुन्हा तसेच झाले, तर बदलण्याचा विचार करावा. चावणाऱ्या मुलाचे नाव विचारू नये. पुढच्या महिन्यात ते मूल तुमचे असू शकते.

शुल्क ठरवताना कोणत्या गोष्टी राहून जातात?

वर्षातले बंद दिवस, मूल आजारी असतानाच्या दिवसांचे शुल्क, उशिरा नेल्यास होणारा दंड, अनामत रक्कम परत मिळण्याची अट आणि सोडण्याआधी द्यायची पूर्वसूचना. घरगुती पाळणाघरात हे सर्व तोंडी ठरते आणि तोंडीच बिघडते. ओळखीच्या काकू असल्या तरी एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. त्यात अविश्वास नाही, उलट दोघांचेही मन पुढे मोकळे राहते. न्यायला कोण कोण येऊ शकते त्यांची नावे आणि मूल ठरल्या वेळी आले नाही तर कोणाला फोन करायचा, हेही त्याच पानावर असावे. मूल आले नाही म्हणून केलेल्या एका फोनमुळे गाडीच्या मागच्या आसनावर विसरलेले मूल वेळेत सापडू शकते.

मूल नीट सांभाळले जात नाही, हे कसे ओळखावे?

सोडताना रडणे ही खूण नव्हे. न्यायला गेल्यावर मूल कसे दिसते ते पाहावे. महिना उलटूनही ते गप्प, सुस्त असेल, त्या एका व्यक्तीला पाहून अंग आखडत असेल, रमलेले असताना अचानक झोप आणि खाणे बिघडले असेल किंवा ज्यांचा खुलासा मिळत नाही अशा जखमा दिसत असतील, तर विचारणा करावी. आईवडिलांना आत येऊ देण्याचे टाळू लागले, तर विचारणा करत बसू नये, मुलाला त्याच दिवशी काढावे. मारहाणीचा संशय असल्यास डॉक्टरांकडून नोंद करून घेऊन तक्रार करावी, कारण तेथे इतरांचीही मुले आहेत.

आता घरगुती पाळणाघर आणि तिसऱ्या वर्षी केंद्र, असे केल्यास मुलाला दोनदा त्रास होईल का?

दोनदा रुळावे लागेल, हे खरे. पण तीन वर्षांच्या मुलाला पुढे काय होणार ते सांगता येते आणि दीड वर्षाच्या मुलाला ते सांगता येत नाही, त्यामुळे दुसरी खेप बहुधा सोपी जाते. बदल घर बदलणे, दुसऱ्या बाळाचा जन्म किंवा शी-शूची सवय लावणे यांच्या जोडीला करू नये. काकूंना महिनाभर आधी सांगावे आणि शेवटच्या दिवशी मुलाला त्यांचा नीट निरोप घेऊ द्यावा, ‘काकू गावाला गेल्या’ असे खोटे सांगू नये. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी मुलाला घेऊन त्यांच्याकडे जाऊन यावे. मूल बहुतेक वेळा आत शिरल्याबरोबर पातेल्यांच्या कप्प्याकडे जाते.